सहावीच्या वर्गात 44 माग

मागच्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच पालकसभेत कलेच्या सरांनी विचारलं, कुणा पालकांना हाताची एखादी कला येत असेल तर मुलांना शिकवाल का. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना 10 दिवस सांगितलेत, त्यात कारागिरांकडून काहीतरी काम शिकायचं असं आहे, पण ते सलग उरकण्यापेक्षा दर आठवड्याला थोडं थोडं करू असं सरांचं म्हणणं होतं. मी हात वर केला. माझ्याकडे घरी टेबलवर ठेवायचा छोटा माग आहे, चार वर्षं त्यावर मफलर आणि टेबलरनर विणतेय. बीएड वगैरे काही नाही, घरच्या मुलीशिवाय कुणाला कधी काही शिकवलेलं नाही. शाळा ठाण्यातली, मराठी माध्यमाची, नाव लिहीत नाही. सहावीचा वर्ग, पटावर 44 मुलं.

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण त्याचाच मला जास्त धाक होता.

24 जूनला मुख्याध्यापक बाईंना अर्ज दिला. सरांनी आधीच बजावलं होतं की नुसतं 'विणकाम शिकवायचंय' असं लिहू नका, किती तासिका, कुठल्या वारी, कुठलं सामान, मुलांच्या हातात धारदार काय काय येणार, खर्च कोण करणार, सगळं एका पानावर मांडा, आणि विषयात कलेबरोबर कार्यानुभवही लिहा. तसं लिहिलं. बाईंनी वाचून दोनच प्रश्न विचारले, सुई आणि कात्री. मी प्लॅस्टिकची बोथट सुई पर्समधूनच नेली होती, ती त्यांच्या टेबलावर ठेवली, त्यांनी टोक बोटाला लावून बघितलं आणि मान हलवली. तुम्ही असा अर्ज करणार असाल तर वस्तू सोबत घेऊन जाच, दहा वाक्यांचं काम होतं.

4 जुलैला शाळा समितीच्या बैठकीत विषय निघाला आणि मंजूर झाला, पण दोन अटींवर. वर्गात मी एकटी राहायचं नाही, सर किंवा दुसऱ्या कुणी बाई कायम हव्यात. आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणायचं. 2024 मध्ये बदलापूरला जे झालं त्यानंतर शाळेत येणाऱ्या माणसांची पडताळणी शासनाने फार मनावर घेतलीय, आणि एक आई म्हणून मला ते बरोबरच वाटतं. 5 जुलैला ऑनलाइन अर्ज भरला, आधार, लाईट बिल, फोटो आणि शाळेचं पत्र जोडलं. शाळेच्या पत्रावर आधी जावक क्रमांक नव्हता म्हणून पोलीस ठाण्यातून परत पाठवलं, एक फेरी फुकट गेली, तर पत्र हातात पडलं की शिक्का, सही आणि जावक क्रमांक तिथेच उभं राहून तपासा. प्रमाणपत्र 25 जुलैला मिळालं, म्हणजे 20 दिवस.

हे 20 दिवस मी सामान जमवण्यात घालवले. ऑनलाइन छोटे लाकडी लूम मिळतात, दिसायला सुंदर असतात, पण 44 मुलांना ते घ्यायचा विचारही करू नका, गरजच नाही. माग म्हणजे शेवटी काय, उभे दोरे ताणून धरणारं काहीतरी. खोक्याचा पुठ्ठा पुरतो. आमच्या कळव्यातल्या किराणावाल्या काकांनी आणि मेडिकलवाल्या दादांनी खोकी फुकट दिली. 20 बाय 28 सेंटीमीटरचे तुकडे कापायचे, पण कापताना बघा, खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आत जो नागमोडी थर असतो त्याच्या नळ्या उभ्या यायला हव्यात, दोऱ्यांच्याच दिशेने. आडव्या आल्या तर दोरा ताणल्यावर पुठ्ठा मधोमध दुमडतो. माझे पहिले नऊ तुकडे असेच वाया गेले. वरच्या आणि खालच्या कडेला कागदी टेप लावून एक एक सेंटीमीटरवर 14 खाचा.

14 मुद्दाम, सम संख्या. उभ्या दोऱ्याला ताणा म्हणतात आणि आडव्याला बाणा, आणि ताण्याचे दोरे सम असले की प्रत्येक ओळ, डावीकडून असो की उजवीकडून, 'वरून'च सुरू होते. मुलांना एवढा एकच नियम लक्षात ठेवायला लागतो. विषम घेतले तर एक ओळ वरून, पुढची खालून, आणि मधली सुट्टी होऊन मूल परत आलं की आता कुठून हे त्याला आठवत नाही. ही गोष्ट मी घरी तीन पुठ्ठे विणून बघितल्यावर समजली.

जांभळी नाक्यावरून लोकरीचे 24 गुंडे 25 रुपयांप्रमाणे 600, बोथट सुया 50 नग 220, टेप तीन, 120. नंतर क्रोशाच्या सुती दोऱ्याची तीन रिळं आणावी लागली, 180, ती का ते पुढे येईलच. सगळे मिळून 1120 रुपये. शाळा पैसे देणार होती पण मी आणली कच्ची पावती, आणि हिशोबाला लागतं मुख्याध्यापकांच्या नावाचं पक्कं बिल. परत जाऊन बिल करून आणलं, मग व्हाउचर, मग सह्या, पैसे दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मिळाले. तेवढे दिवस खिशातून घालायची तयारी ठेवा.

29 जुलैला पहिला तास. दर मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर जोडतास, म्हणजे 35 आणि 35 अशी 70 मिनिटं. माझे तळहात ओले झाले होते, फळ्यावर नाव लिहिताना खडू निसटला. पहिले दोन मंगळवार फक्त घोटीव कागदाच्या पट्ट्यांची चटई केली. ती सगळ्यांनीच लहानपणी केलेली असते म्हणून मला वाटलं होतं मुलं कंटाळतील, पण कित्येकांनी केलीच नव्हती. आणि कागदात एक फायदा, चुकलं की लगेच दिसतं, दोन निळे चौकोन शेजारी आले म्हणजे काहीतरी गडबड. 5 ऑगस्टला मी घरचं मफलर आणि एक इरकल साडी नेली होती, परवाच 7 ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन आहे हे सांगायला, 1905 मध्ये त्याच तारखेला स्वदेशीची चळवळ सुरू झाली म्हणून तो दिवस निवडलाय, 2015 पासून पाळतात. मुलांनी साडीचा पदर डोळ्याजवळ नेऊन उभे आडवे दोरे शोधले, मग आपापल्या गणवेशाचे शर्ट बघायला लागली, मग एकाने विचारलं, बाई, म्हणजे सगळंच हे असंच आहे? सगळं नाही, बनियन आणि टीशर्ट ओढून बघ, ते ताणले जातात कारण ते वेगळ्या पद्धतीने, स्वेटरसारखे फास घालून विणलेले असतात. पुढची पाच मिनिटं अख्खा वर्ग कपडे ओढत होता.

आता माझी चूक, आणि हे लिहायला बसले त्यातलं अर्ध कारण तीच आहे.

12 ऑगस्टला पुठ्ठे वाटायचे होते. मला वाटलं ताणा भरण्यात मुलांचे दोन मंगळवार जातील, त्यापेक्षा आपणच भरून नेऊ म्हणजे मुलं थेट विणायला लागतील. शनिवार रविवार दोन रात्री बसून मी 44 पुठ्ठे भरले, नवऱ्याने खाचा कापून दिल्या, मुलीने नावं लिहिली. आणि घरात लोकर होती म्हणून ताणाही लोकरीचाच भरला. मुलं खूश, मी खूश. 19 ऑगस्टला पावसाने ठाण्यातल्या शाळा बंद होत्या, 26 ला परत तास, दुसऱ्या दिवशी गणपती म्हणून निम्मा वर्ग गैरहजर, मग गौरी गणपतीची सुट्टी. 9 सप्टेंबरला खऱ्या अर्थाने विणकाम बघितलं तर लोकर ताणली जाऊन उभे दोरे सैल पडले होते, झोपाळ्यासारखे. काहींचे तुटले होते. आणि मुलं काय करत होती, तर काहीच नाही, पुठ्ठा हातात धरून माझ्या टेबलापुढे रांगेत उभी होती. बाई, तुटलं. बाई, सैल झालं. दोरा कुठून आला आणि कुठे गेला हेच त्यांना माहीत नव्हतं, कारण तो त्यांनी भरलाच नव्हता. मी त्या दिवशी 70 मिनिटं फक्त गाठी मारत होते, एक ओळसुद्धा शिकवली नाही.

16 ला पण तेच. त्या रात्री झोप लागली नाही. सरांना फोन करून म्हटलं, सर, सगळं काढून परत करूया का, यावेळी ताणा मुलंच भरतील, सुती दोऱ्याचा. सर म्हणाले, करा, पण मुलांना विचारा आधी.

23 सप्टेंबरला विचारलं. दोन तीन इंच विणून झालेलं, ते काढायचं म्हटल्यावर वर्ग गप्प झाला. मी माझा पुठ्ठा त्यांच्यासमोर उसवला, एक एक ओळ, काढलेली लोकर परत गुंडाळत गेले आणि म्हटलं, बघा, लोकर कुठे गेली नाही. 43 जणांनी उसवलं. एका मुलीने नाही म्हणून सांगितलं, पुठ्ठा छातीशी धरून बसली. मी तिला राहू दिलं.

ताणा भरायला मला वाटले होते तसे दोन मंगळवार लागले नाहीत, एक जोडतास आणि पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं. टोक मागे टेपने चिकटवायचं, वरच्या पहिल्या खाचेतून पुढे, खाली पहिल्या खाचेत, मागून दुसऱ्या खाचेत, परत वर. जोडीजोडीने बसवलं, एकाने पुठ्ठा धरायचा, दुसऱ्याने दोरा फिरवायचा. एका मुलाला साडेचार मीटर दोरा लागतो, तो मोजून कापायचं कामही मुलांनाच दिलं, वर्गाच्या फरशीची लांबी मोजून त्यांनी हिशोब केला की किती फरशा म्हणजे साडेचार मीटर. आणि त्यानंतर टेबलापुढची रांग संपली. अगदी संपली. ज्याचा दोरा सैल व्हायचा तो स्वतःच मागच्या बाजूने ओढत ओढत शेवटच्या खाचेपर्यंत न्यायचा आणि टेप परत लावायचा.

मग दुसरा प्रश्न, कंबर. ओळ संपली की मुलं दोरा खेचून घेतात, त्याने कापड मधे आत जातं, वर खाली रुंद आणि मधे बारीक. 'ओढू नका' असं मी शंभर वेळा सांगितलं असेल, उपयोग शून्य. मग सांगायला लागले की दोरा सरळ टाकायचाच नाही, डोंगर करायचा, म्हणजे कमानीसारखा वर उचलून ठेवायचा आणि मग काट्याच्या चमच्याने थोडा थोडा खाली दाबायचा. तो दाबला गेला की सपाट होताना जास्तीचा दोरा आपोआप वापरला जातो. 'डोंगर, मग दाब' हे वर्गाचं गाणंच झालं. काटे मुलांनी घरून आणले, एकीने केसांचा रुंद दातांचा कंगवा आणला आणि तो काट्यापेक्षा चांगला चालला.

काही किरकोळ पण कामाच्या गोष्टी इथेच सांगते. प्रत्येकाचं सामान हजेरी क्रमांक घातलेल्या पिशवीत, नाहीतर वाटण्यातच 15 मिनिटं जातात. कात्र्या फक्त सहा, त्या माझ्या टेबलावर. डावखुऱ्या मुलांना उजवीकडून सुरू करू द्या, काही बिघडत नाही. बाण्याला एका मुलाला साधारण 10 मीटर लोकर लागते, पण एका वेळी हातभर दोन हातच द्या, जास्त दिली की गुंता. आणि लोकर संपत आली तर जुनी सुती साडी. तिच्या कडेला कात्रीने छोटा काप देऊन ओढली की टर्रकन सरळ पट्टी फाटते, दोन सेंटीमीटरची पट्टी विणायला फार छान. एका मुलाने पणजीच्या लुगड्याचा तुकडा आणला होता, हिरवा, विटलेला, त्याच्या आजीने तो जपून ठेवलेला. मी विचारलं आजीला विचारलंस ना, तर म्हणाला आजीनेच फाडून दिला. दुसऱ्या एकाचे वडील भिवंडीला यंत्रमागावर आहेत, त्यांनी शेवटचं थोडं थोडं सूत उरलेले कोन, म्हणजे सूत गुंडाळायचे शंकू, पिशवी भरून पाठवले. इतकं बारीक सूत मुलांना विणता येत नाही म्हणून आम्ही सहा सहा पदर एकत्र धरून वापरलं.

7 ऑक्टोबरला सत्र परीक्षा, तास नाही. 14 ऑक्टोबरला जे झालं ते माझ्यासाठी या सगळ्यातलं सगळ्यात मोठं.

वर्गातल्या एका मुलीचे आजोबा परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या यंत्रमागावर, होते, 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली आणि ते कळव्याला आले. नात घरी पुठ्ठा नेऊन विणत होती ते बघून त्यांनी निरोप पाठवला, मी येऊ का. परत बाईंची परवानगी, गेटवर वहीत नोंद, 20 मिनिटं दिली. सत्तरी ओलांडलेले, पांढरा शर्ट, खिशाला चष्म्याचं घर. आले आणि खुर्चीवर न बसता पहिल्या बाकावरचा पुठ्ठा उचलला. त्यावरचं विणकाम, रंग, काहीच बघितलं नाही. बोटांची टोकं ताण्याच्या उघड्या दोऱ्यांवरून आडवी फिरवली, सतारीवरून फिरवावी तशी, आणि पाचव्या दोऱ्यावर थांबले. "हा सैल आहे." दुसरा पुठ्ठा, परत तसंच. मुलं आपापले पुठ्ठे घेऊन त्यांच्याभोवती गोळा झाली आणि स्वतःच बोटं फिरवून बघायला लागली.

मग त्यांनी गाठ दाखवली. तुटलेल्या दोऱ्याची दोन टोकं डाव्या अंगठ्याखाली एकावर एक आडवी धरली, उजव्या हाताने एका दोऱ्याचा फास अंगठ्याभोवतून फिरवून मागे आणला, दुसरं टोक त्या फासात खोचलं आणि ओढलं. मी बघत असूनही मला दिसलं नाही. "परत एकदा दाखवा ना काका," मी म्हटलं. त्यांनी सात आठ वेळा दाखवली, हळू करायचा प्रयत्न करत होते पण हात हळू होईनात, हळू केलं की चुकायचे आणि थांबून परत पहिल्या वेगाने करायचे. गाठ एवढीशी, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. मुलांनी विचारलं इतकी बारीक कशाला, तर म्हणाले, फणीतून (मागावर ताण्याचे दोरे जिच्या दातांमधून जातात ती) गेली पाहिजे ना. अडकली तर परत तुटणार. आणि दोरा तुटला की साचा बंद, साचा बंद तर तेवढं कापड कमी, आणि आम्हाला पैसे कापडावर मिळायचे. नात सगळा वेळ त्यांच्या कोपराला धरून उभी होती. 20 मिनिटांची 45 झाली, बाई दारात येऊन उभ्या राहिल्या पण काही बोलल्या नाहीत.

मी घरी माझ्या मागावर चार वर्षं साधी गाठ मारत होते. आता हीच मारते. शिकायला मला तीन दिवस लागले, वर्गातल्या पाच मुलांना त्या एका तासात जमली होती.

दिवाळीनंतर 4, 11, 18 आणि 25 नोव्हेंबर असे चार तास मिळाले. शेवटच्या दोन इंचाला वेळ जास्त लागतो, दोऱ्यांमधली फट कमी होत जाते आणि सुई आत शिरत नाही, त्यासाठी सुईऐवजी आइस्क्रीमच्या काडीला भोक पाडून घ्या. मागावरून काढताना ताण्याचे दोरे दोन दोनच कापायचे आणि लगेच गाठ, सगळे एकदम कापले तर वरच्या ओळी सुटतात. सहा मुलांचं पूर्ण झालं नाही. त्यांचं जेवढं झालं तेवढ्यावर गाठी मारून दिल्या, त्या सहापैकी दोघं रडकुंडीला आली होती आणि मला अजून वाटतं की पावसाचा तो एक मंगळवार आणि माझ्या चुकीचे दोन मंगळवार हातात असते तर त्यांचं झालं असतं.

मधे सरांना प्रत्येक मुलाच्या आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी करायच्या होत्या, त्यांनी मला पण वही दिली. मी 'सुंदर विणतो' असं कुठेच लिहिलं नाही. ताण्यातला सैल दोरा स्वतः शोधते. चूक दिसल्यावर चार ओळी उसवून परत केल्या. शेजारच्याला गाठ शिकवली. असं लिहिलं. 44 नोंदींना अडीच तास लागले.

29 नोव्हेंबरला, शनिवारी, वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात दोन बांबूंवर सगळे तुकडे टांगले. भिवंडीचे वडील पाळी बदलून घेऊन आले होते, त्यांनी आपल्या सुताचे तुकडे कुठले ते लगेच ओळखलं. आजोबांनी प्रत्येक तुकड्याचा काठ चिमटीत धरून बघितला. न उसवलेल्या मुलीचा तुकडाही होता, खाली रुंद, मधे इतका बारीक की तीन बोटं मावतील, वरती परत रुंद, कारण वरच्या भागापर्यंत ती डोंगर करायला शिकली होती. त्याच्यापुढे आजोबा जरा जास्त वेळ थांबले आणि तिला विचारलं, हे वरचं शेवटी केलंस ना. तिने हो म्हटलं.

उरलेलं सामान सरांच्या कपाटात आहे. सुया 47, गुंडे नऊ, सुती दोऱ्याचं दीड रीळ, आणि 31 पुठ्ठे जे अजून एकदा वापरता येतील, बाकीच्यांच्या खाचा फाटल्या. यावर्षी अर्ज एप्रिलमध्येच देतेय, म्हणजे पोलिसांचं प्रमाणपत्र शाळा उघडायच्या आत हातात असेल आणि जुलैचे मंगळवार मिळतील. आजोबांचं नाव पण अर्जात लिहिलंय, त्यांचं आधार आणि फोटो घ्यायला रविवारी त्यांच्या घरी जायचंय.